ऑप्टिट्रॅक फ्लेक्स १३ आणि मोटिव्ह: फुगडी रेकॉर्ड करताना कॅलिब्रेशन कसं वाटलं

फुगडीचं मोशन कॅप्चर (अंगावर चमकते ठिपके, म्हणजे मार्कर, लावून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपणं) करायचं होतं म्हणून ऑप्टिट्रॅकचे फ्लेक्स १३ कॅमेरे भाड्याने घेऊन फोंड्याला एका हॉलमध्ये लावले. कॅमेरा १.३ मेगापिक्सेल, सेकंदाला १२० फ्रेम, यूएसबीवर चालतो, गिरक्यांना एवढा स्पीड पुरतो. पण मला बोलायचंय ते कॅलिब्रेशनवर, कारण कोणता कॅमेरा कुठे आहे आणि कुठे बघतोय हे सॉफ्टवेअरला नीट कळलं नाही तर मार्कर थरथरतात नाहीतर एकाचे दोन दिसतात, मग कॅमेरा कितीही भारी असो.

मोटिव्ह हे त्यांचं सॉफ्टवेअर, आणि ते खरंच मस्त आहे. कॅमेरे चालू करून थोडा वेळ तापू द्यायचे, मग मास्किंग, म्हणजे हॉलमध्ये मार्करसारखं जे जे चमकतं ते सॉफ्टवेअरमध्ये झाकायचं. इथे सांगतो, मास्क केलं की त्या कॅमेऱ्याला तेवढ्या जागेत काहीच दिसत नाही, मार्करसुद्धा नाही. त्यामुळे आधी समई, स्टीलच्या खुर्च्या सगळं बाहेर काढा, खिडक्यांना काळे पडदे लावा (हे कॅमेरे इन्फ्रारेड उजेड बघतात आणि तो उन्हातही असतो) आणि मास्क अगदी शेवटी करा. हलणाऱ्या वस्तूला तर मास्क चालतच नाही. कळशी फुगडीतली कळशी अशी लकाकते की सॉफ्टवेअर तिलाच मार्कर समजतं, तिच्यावर काळी मॅट टेप गुंडाळावी लागली, आणि बायकांनी बांगड्या, नथ काढून ठेवल्या. मंगळसूत्र मात्र कोणाला काढायला सांगितलं नाही, ते पदराखाली झाकलं.

मग वांड, म्हणजे मार्कर लावलेली कॅलिब्रेशनची काठी, फिरवायची. आमच्या सीडब्ल्यू-५०० वांडवर तीन मार्कर असतात, त्यांच्यातलं अंतर सॉफ्टवेअरला आधीच माहीत असतं, त्यावरूनच खरं माप निघतं. बहुतेक लोक उभ्याने छातीएवढ्या उंचीवर आठचा आकडा काढत फिरतात आणि संपवतात, पण फुगडीत बायका वाकतात, बसतात, बस फुगडी तर जमिनीलगतच चालते, तेव्हा वांड पार लादीपर्यंत न्या, कोपऱ्यांतही न्या. कुठल्या कॅमेऱ्याच्या चौकटीत कुठे रिकामं राहिलंय ते स्क्रीनवर लगेच दिसतं, हे मला सगळ्यात आवडलं. वांडचे सॅम्पल (टिपलेल्या जागा) ढीगभर घेतले म्हणून रिझल्ट सुधारत नाही, ते सगळीकडे पसरलेले पाहिजेत. शेवटी एल आकाराचा स्क्वेअर जमिनीवर ठेवून ग्राउंड प्लेन, म्हणजे जमिनीची पातळी, सेट केला की झालं.

तक्रार आहे ती भाड्याने देणाऱ्यांबद्दल. त्यांनी दिलेल्या वांडच्या एका मार्करचं चमकतं कोटिंग खरवडलं होतं, वर म्हणे चालतं हो. नाही चालत! मार्करचा मधला बिंदूच सरकतो, मग एरर वाढते आणि आपण उगाच कॅमेऱ्यांचे स्टँड हलवत बसतो. भांडून दुसरी मागवली तेव्हा मोटिव्हने रिझल्टला ‘एक्सेप्शनल’ शेरा दिला.

सिस्टिमला पाचपैकी साडेचार. गोव्यात कोणी भाड्याने घेणार असाल तर पैसे देण्याआधी वांडचे तिन्ही मार्कर उजेडात धरून बघा, आणि कॅलिब्रेशन झाल्यावर स्टँडला कोणाचा पाय लागला तर ते पुन्हा पहिल्यापासून करा, पथक थांबलेलं असलं तरी.