आईच्या ग्रीन कार्डासाठी वकील: 14 महिन्यांनंतरचा अनुभव

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर मी पहिलं काम हाती घेतलं ते आईच्या ग्रीन कार्डाचं. सुरुवातच चुकीच्या माणसापासून झाली. ओळखीतून एक 'इमिग्रेशन सल्लागार' मिळाला. त्यानं आय-130 फॉर्म, म्हणजे नातेवाइकासाठी नागरिकानं करायचा पहिला अर्ज, समोर ठेवला, निम्मे रकाने कोरे, आणि म्हणाला, "शेवटी सही करा, बाकीचं मी भरतो. सहा महिन्यांत काम झालंच समजा." दुसऱ्यानं फॉर्म भरून दिला तर त्याचं नाव आणि सही फॉर्मवर लागते. तिथे कुणाचं नाव येणार, असं विचारलं तर "त्याची गरज नसते" म्हणाला. मी कागद उचलले आणि निघाले. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेलेच.

यूएससीआयएस म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणारं अमेरिकेचं सरकारी खातं. त्याच्यासमोर दुसऱ्याची केस चालवण्याचा अधिकार मुख्यतः दोघांनाच आहे: परवाना असलेला वकील, किंवा मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेतला, न्याय खात्यानं अधिकृत केलेला प्रतिनिधी. सल्लागार, नोटरी, टॅक्स भरून देणारे यांत बसत नाहीत. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

मग एका वकीलबाईंशी बोलणं झालं. ऑफिस टेक्ससमध्ये, म्हणून टेक्सस बारच्या, म्हणजे तिथल्या वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर नाव शोधलं. नावच नाही! पोटात गोळा आला. फोन करून सरळ विचारलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. "माझा परवाना न्यूयॉर्कचा आहे. इमिग्रेशन कायदा केंद्राचा, त्यामुळे कुठल्याही राज्याचा परवाना चालतो. तिथे तपासा आणि मगच या." न्यूयॉर्कच्या कोर्टांच्या साइटवर नोंदणी चालू दिसली, कोणत्या वर्षी परवाना मिळाला तेही दिसलं, आणि शिस्तभंगाची जाहीर नोंद नव्हती. इमिग्रेशन कोर्टांचं कामकाज बघणारं न्याय खात्याचं कार्यालय कारवाई झालेल्या वकिलांची वेगळी यादी ठेवतं. तीही चाळली.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे जी-28. वकील तुमच्या वतीनं उभा राहतोय हे सांगणारा फॉर्म. त्यात परवाना कुठला, बार नंबर काय आणि वकिली करण्यावर काही बंदी आहे का, हे वकिलाला स्वतः लिहून द्यावं लागतं, खाली दोघांच्या सह्या. जो माणूस जी-28 भरायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे थांबूच नका.

आयला (AILA) या इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेचं सभासदत्व चांगलं, पण तो परवाना नव्हे. पंचतारांकित अभिप्रायांवर मी तर मुळीच भरवसा ठेवला नाही.

वकीलबाईंचं काम मात्र पहिल्याच भेटीत कळलं. माझा जन्मदाखला, आईचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला टेबलावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकावरच्या आईच्या नावाखाली पेन फिरवत गेल्या. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. मी आयुष्यभर ते कागद बघत आले, पण ही तफावत मला कधी दिसली नव्हती. सगळी नावं 'इतर नावं' या रकान्यांत गेली. सल्लागारानं तेच रकाने कोरे सोडले होते.

तक्रारी आहेतच. ईमेलला उत्तर यायला चार-पाच दिवस लागतात, आणि बहुतेक वेळा फोनवर त्यांची सहायक असते. पण फी लेखी करारात टप्प्याटप्प्यानं लिहिलेली होती आणि सरकारी फी वेगळी दाखवली होती. पोचपावती आली त्याच दिवशी प्रत मला मिळाली. तिच्यावरचा तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा नंबर घालून केस कुठवर आली ते मी स्वतः बघत राहिले. "मंजूर होईलच" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि याच गोष्टीमुळे माझा विश्वास बसला.

आय-130 मागच्या महिन्यात मंजूर झाला. आता व्हिसाचा टप्पा, त्याचा करार वेगळा. सही करण्याआधी न्यूयॉर्कच्या साइटवर त्यांचं नाव पुन्हा टाकलं. नोंदणी चालू होती. मग सही केली.