थेरपिस्टपुढे ऑटिझमचा विषय: बोलून काढावा की लिहून द्यावा?

आपल्याला ऑटिझम असावा ही शंका प्रौढपणी मनात घर करून बसली, की ती थेरपिस्टपुढे कशी मांडायची हा प्रश्न उरतो: सत्रात बोलता बोलता विषय काढावा, की आधी लिहून पाठवावे? मी दोन्ही केले आहे, तेही एकाच थेरपिस्टबाईंकडे, त्यामुळे ही तुलना निदान माझ्यापुरती तरी रास्त ठरावी.

तोंडी सांगण्याची बाजू लंगडी मुळीच नाही. समोरून तिथल्या तिथे प्रश्न येतो, आपले अडखळणेही दिसते आणि विषयाला खटल्याचे रूप येत नाही. दादरच्या त्या खोलीत सत्राची शेवटची आठ मिनिटे उरली असताना मी विषय काढला. बाई म्हणाल्या, "पण तुम्ही तर नजरेला नजर देऊन बोलता की." प्रत्यक्षात मी वर्षभर त्यांच्या चष्म्याच्या दोन काचांमधल्या दांडीकडे पाहत आलो होतो, ती सोनेरी होती आणि डावीकडे तिचा मुलामा उडाला होता. हे सांगायचे सोडून मी "हो, तेही खरंच" म्हणून हसलो आणि पुढची तारीख घेऊन निघालो. ठाण्याला उतरेपर्यंत योग्य उत्तर शब्दशः तयार होते.

माझ्यापुरते पारडे इथेच झुकले. समोरच्याच्या सुरात सूर मिसळण्याची सवय, जिला मास्किंग म्हणतात, तीच मुळात तपासायची होती; आणि बोलताना माझ्या वतीने उत्तर तीच देत होती. शिकून घेतलेल्या युक्त्यांआड लक्षणे झाकली जाऊ शकतात, अशी नोंद 2013 च्या डीएसएम-5 मध्येही, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषपुस्तिकेतही, आहे, पण ती ऐन वेळी जिभेवर यायला हवी ना.

लिहिण्यातही खोट आहे. माझा पहिला मसुदा चार पानांचा, थेट वकिली थाटाचा झाला होता आणि 'ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट' या 50 विधानांच्या प्रश्नावलीतले माझे गुण त्यात सर्वांत वर होते. ते मी काढून टाकले, कारण ती चाळणी आहे, निदान नव्हे, आणि गुण पुढे केले की चर्चा त्यांच्याभोवतीच फिरत राहते. लक्षणे बालपणापासूनची असावी लागतात, म्हणून आईला विचारून जुने प्रसंग घातले: गणपतीत ढोल सुरू झाले की मी मोरीत कडी लावून बसत असे, आणि चार वर्षे डब्यात तूप-साखरेच्या पोळीखेरीज काही चालत नसे. शेवटी चष्म्याची दांडीही लिहिली, जरा संकोचानेच. ते दीड पान सत्राच्या दोन दिवस आधी पाठवले. बाईंनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि त्यांचा पहिला प्रश्न मोरीबद्दल होता.

ज्यांना ऐन वेळी शब्द सुचतात, त्यांनी खुशाल बोलावे. त्यांचे सत्र कदाचित अधिक मोकळे होईल. मात्र औपचारिक निदानासाठी पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जावे लागते, आणि तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे असते. मी तेच दीड पान नेले, फक्त वरची तारीख बदलून.