कात्रणांचं पोस्टर: चित्राला पाचपैकी पाच, छपाईला दोन

एका मराठी दैनिकाच्या पेस्टअपमध्ये, म्हणजे हाताने चिकटवून पान जुळवायच्या विभागात, माझी चोवीस वर्षं गेली. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उतरवलेला फोटोकागद, कापायचं, मागे गम लावायचा, कॉलम ओळंब्यात बसवायचा. पट्टी केसभर तिरकी गेली तरी उपसंपादक खेकसायचे. त्यामुळे रिचर्ड हॅमिल्टन या ब्रिटिश पॉप-आर्ट चित्रकाराचं ‘स्विंजिंग लंडन ६७’ हे पोस्टर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं. सगळी कात्रणं वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर चढलेली!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सच्या ससेक्समधल्या घरावर अमली पदार्थांसाठी पोलिसांची धाड पडली. बँडचा गायक मिक जॅगर अडकला, चित्रांची गॅलरी चालवणारा रॉबर्ट फ्रेझरही. जॅगर अपिलात सुटला, फ्रेझर मात्र हेरॉइनपायी तुरुंगात गेला. हॅमिल्टनची चित्रं विकणारा हाच फ्रेझर. खटल्याच्या बातम्यांची कात्रणं त्याच्या गॅलरीत साठली होती, ती हॅमिल्टनने मांडून चिकटवली आणि १९६७-६८ मध्ये त्याचं ऑफसेट पोस्टर काढलं. नावात कोटी आहे: तेव्हाचं मौजमजेचं, झुलतं ‘स्विंगिंग’ लंडन, आणि ‘स्विंजिंग’ म्हणजे जबर, शिक्षा असते तसं.

ही कात्रणं वाचायची असतात. आरोपींनी कपडे काय घातले, कोठडीत खायला काय मिळालं, यावर केवढी शाई खर्ची पडलीय! असली चौकट मीही पानाच्या तळाशी कितीदा बसवलीय. मथळा मोठा, ऐवज चिमूटभर.

आता मी घेतलेली प्रत. अर्थातच नक्कल, ऑनलाइन मागवलेली, ५० बाय ७० सेंटिमीटर, १,४५० रुपये. कागद जाड, मॅट, चांगला. नळकांड्यातून आली, एक कोपरा चेपलेला. तो फ्रेमवाल्याने माउंटखाली लपवला. मथळे ठसठशीत उठलेत. पण बारीक मजकूर? भिंग लावलं तरी अक्षरांचा गाळ. म्हणजे जे वाचायचं तेच गेलं.

फोटोंची गत त्याहून वाईट. मुळात वर्तमानपत्राचे ठिपके, त्यावर ऑफसेटची जाळी, त्यावर या प्रिंटरची. जाळीवर जाळी आली की लाटा उठणारच. आमच्याकडे असा फोटो आला की स्क्रीनचा, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीचा, कोन बदलून पुन्हा काढायचे. इथे जॅगरच्या गालावर चक्क चौकड्याचं लुगडं उमटलंय.

तरी दिवाणखान्यात लावलंय. तिरक्या कात्रणांसमोर चहा प्यायला बरं वाटतं, कोणी खेकसत नाही. सौ. म्हणाली, “जन्मभर रद्दी छापलीत, आता विकत आणून भिंतीलाही लावा.”

गालाचा जवळून फोटो काढून विक्रेत्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: “सर, डिझाइनच तसं आहे.”