वाचनालयातला कवितेचा वर्ग : लावाच, फक्त दोन गोष्टी सुधारायला हव्यात

नाशिकमध्ये आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी कविता वाचायचा वर्ग चालतो, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. वाचनालयाचं नाव इथे देत नाही कारण खोली लहान आहे, पंधरा-वीस खुर्च्यांच्या वर जागाच नाही आणि बाईंनीच सांगितलंय की गर्दी नको. ज्यांना खरंच यायचंय ते विचारून येतीलच.

आधी कामाचं. फी महिन्याला ६०० रुपये, झेरॉक्स त्यातच. वेळ साडेपाच ते सात. शिकवणाऱ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या मराठीच्या शिक्षिका. कविता लिहायला शिकवत नाहीत हे आधीच समजून घ्या, आमच्या बॅचमध्ये दोघं त्याच अपेक्षेने आले आणि पहिल्याच महिन्यात सोडून गेले. इथे फक्त वाचायचं. एका शनिवारी एक कविता, तीही बहुतेक शाळेत येऊन गेलेली, पाठ असलेली. आता पाठ असलेल्या कवितेवर दीड तास काय बोलणार असं वाटतं ना, तर त्यासाठीच हा वर्ग लावावा असं माझं मत आहे.

आपल्याकडे दहावीला रसग्रहण असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे, आणि गाईडमध्ये प्रत्येक कप्प्यात काय भरायचं ते तयार. कवितेचा विषय मातृप्रेम, रस करुण, अलंकार उपमा, संपलं. कप्पे चुकीचे आहेत असं नाही, पण मुलं कविता वाचायच्या आधी कप्पे भरतात आणि मोठं झाल्यावर आपणही तेच करतो, कविता दिसली की ही निसर्गाची, ही विरहाची, ही प्रेरणादायी, पुढे चला. बाईंची पद्धत बरोबर उलटी आहे. आधी त्या कविता मोठ्याने वाचतात, मग आपल्यातला कोणीतरी वाचतो, आणि मग पेन्सिल घेऊन कागदावर फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या, कानाला ऐकू येणाऱ्या, हाताला लागणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारायची. पहिला अर्धा तास दुःख, आनंद, एकाकीपणा, आशावाद असला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यानंतर कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, कुठे उभं राहून बोलतंय आणि कविता कुठे वळते हे बघायचं. भाव सगळ्यात शेवटी. ऐकायला सोपं वाटतं पण प्रत्यक्षात फार कठीण जातं, माणसं अक्षरशः जीभ चावतात.

याचा अनुभव मला सगळ्यात जास्त आला तो कुसुमाग्रजांच्या 'कणा'ला. ही कविता महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? शेवटच्या दोन ओळी फॉरवर्ड होऊन होऊन इतक्या गुळगुळीत झाल्यात की कॉलेजच्या निरोप समारंभापासून मोटिव्हेशनल भाषणापर्यंत कुठेही लावतात. आम्ही रेघा मारायला बसलो तर पहिल्यांदा दिसलं ते पाणी. सरांकडे आलेल्या जुन्या विद्यार्थ्याच्या केसांवर पाणी, कपडे चिखलात माखलेले, बाहेर पाऊस, घरात पूर येऊन गेलेला, आणि सगळं वाहून नेल्यावर प्रसाद म्हणून पापण्यांमध्ये ठेवलेलं थोडं पाणी. म्हणजे तो मुलगा सरांसमोर भिजलेला बसलाय, तो रडतोय की पावसाचं पाणी आहे हे सरांना कळायला मार्गच नाही, आणि त्याला तेच हवंय. मग आमच्यातल्या एका काकांनी विचारलं की पुराने घर नेलं तरी हा पुराला शिव्या का देत नाही, उलट गंगामाई पाहुणी आली म्हणतो, माहेरवाशीण पोरीसारखी चार भिंतीत नाचली म्हणतो. आता आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो, गंगेवर जाऊन येतो असंच बोलतो, त्यामुळे ते गंगामाई आमच्या कानाला घरचं वाटतं. पण माहेरी आलेली पोर घरभर नाचते त्यावर कोण रागावतं? ज्या नदीने चूल विझवली तिच्याबद्दल तो घरच्या लेकीसारखं बोलतो, आणि आतून किती मोडला असेल ते त्यामुळेच कळतं. त्याने सरळ आकांत केला असता तर इतकं लागलं नसतं.

पुढे बाईंनी हात मोजायला लावले. कवितेत सरांचा हात दोन ठिकाणी येतो, एकदा तो खिशाकडे जातो आणि एकदा पाठीवर ठेवायचा असतो. पहिला हात तो नाकारतो, दुसरा मागतो. आणि भावनेचं उघड नाव घेतलेला शब्द अख्ख्या कवितेत एकच सापडला आम्हाला, एकटेपणा. तो पैशासाठी आला नाही, त्याला एकटं वाटलं म्हणून आला. आपण ही कविता लढण्याची म्हणून फिरवतो पण तो माणूस तर लढतोच आहे, भिंत बांधतोय, गाळ काढतोय, ते त्याने आधीच सांगितलंय. त्याला लढायला शिकवायची गरज नाही, सोबत हवीय. शेवटी तो 'फक्त लढ म्हणा' एवढंच मागतो, आणि सर 'लढ' म्हणाले का? कवितेत ते नाहीच. मागणं करून कविता थांबते. त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर जिन्यातसुद्धा त्यावरच बोलणं चाललं होतं, कोणाला घरी जायची घाई नव्हती.

बालकवींचा 'औदुंबर' घेतला तेव्हा तर मजाच आली. आठ ओळींची कविता. त्यात रेघा मारायला बसलं की रंग निघतात, हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, परत हिरवी कुरणं, आणि मग काळा डोह, पाण्यावर गोड काळिमा. नजर आधी लांब आहे, दोन्ही तटांवर, पलीकडच्या टेकडीकडचं चार घरांचं गाव, मग त्या पायवाटेवरून ती खाली खाली येते आणि डोहापाशी थांबते. क्रियापदं बघा, झरा वाहतो, पायवाट चालली, आणि शेवटी औदुंबर पाय टाकून बसला. गाव आहे, शेतं आहेत, वाट आहे पण माणूस एकही नाही, चालतेय ती वाटच. सगळं हळू हळू मंदावत जातं आणि बसतं. हे नुसतं दाखवून बाई गप्प बसल्या आणि मग वर्गात दोन तट पडले, अर्ध्या लोकांना ती शांत वाटली, अर्ध्यांना उदास. दोघांकडे पुरावे त्याच आठ ओळींतले. मला विचाराल तर 'गोड' आणि 'काळिमा' हे दोन शब्द कवीने मुद्दाम एकमेकांना चिकटवून ठेवलेत, त्यामुळे यातला एक भाव निवडला की दुसरा हातातून सुटतो, आणि कविता लहान होते.

एका ताईंनी तेव्हा सांगितलं की बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वयाची अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, म्हणून तो काळा डोह म्हणजे मृत्यूच. बाईंनी त्यांना खोडून नाही काढलं, एवढंच विचारलं की हे तुम्हाला कवितेतून समजलं का कवीच्या माहितीतून? कविता लिहिताना कवीला आपलं मरण माहीत नव्हतं. आयुष्याची माहिती कवितेत कधी आणायची आणि किती आणायची हा वाद आमच्या वर्गात तिथून सुरू झाला आणि तो इंदिरा संतांच्या 'कुब्जा'पर्यंत चालू राहिला.

तो शनिवार या वर्गातला मला सगळ्यात आवडलेला. इंदिराबाईंचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले हे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि त्यामुळे त्यांची कुठलीही कविता हातात आली की आपण आधीच डोळे भरून बसतो. पैलतीर म्हणजे मृत्यू, पावा म्हणजे गेलेल्याची हाक, असं अर्थ लावून मोकळे. आमच्याकडेही तसंच सुरू झालं होतं. बाई म्हणाल्या, पेन्सिल घ्या. मग काय दिसलं, तर पहाट व्हायची आहे, राधा झोपलेली, गोकुळ झोपलेलं, मावळतीला केशरी चंद्र, भणभणता पहाटवारा आणि अर्ध्या पाण्यात उभी असलेली एक बाई. कोण ते लगेच सांगत नाहीत, नाव ओळींमध्ये येतं ते अगदी शेवटच्या कडव्यात. कुब्जा म्हणजे मथुरेची, कंसाची दासी, पाठीला बाक असलेली. जिच्यासाठी कोणी कधी बासरी वाजवणार नाही अशी. आणि नेमक्या त्या अवेळी, राधा जागी नसताना, पलीकडच्या तीरावर पावा वाजतो. तो सूर ती ऐकत नाही, पिते. तिच्या डोळ्यात पाणी आहे पण कवितेने स्वच्छ सांगितलंय की ते सुखाचं आहे, आणि तिला काय वाटतं तर हे माझ्यासाठी आहे.

आता सांगा, ही विरहाची कविता कशी? जिला कायम मागे ठेवलं तिला एका पहाटे काहीतरी फक्त स्वतःचं मिळाल्याची कविता आहे ही. ते खरंच तिच्यासाठी होतं का, हे कविता सांगत नाही, आणि सुखाच्या आत जी कळ आहे ती तिथून येते. कवयित्रीचं दुःख आधीच गृहीत धरून वाचलं असतं तर हे सुख आमच्या नजरेतून निसटलं असतं. मागच्या रांगेतल्या एका आजी मात्र पटवून घ्यायला तयार नव्हत्या, त्यांचं म्हणणं, जिने गमावलंय तिलाच एवढं थोडं मिळाल्याची किंमत कळते, त्यामुळे आयुष्य बाजूला कसं ठेवता येईल. तेही मला पटतं. फक्त आयुष्य नंतर यावं, आधी ओळी.

बहिणाबाईंच्या 'मन वढाय वढाय'चा तास छोटा झाला पण छान. आमच्यात एक दादा जळगावकडचे आहेत, बाईंनी त्यांनाच वाचायला सांगितलं आणि त्यांनी त्यांच्या घरच्या बोलीत वाचलं तेव्हा 'आभाय' वगैरे शब्द पहिल्यांदा खऱ्या आवाजात ऐकू आले, पुस्तकात आपण ते नुसते डोळ्यांनी वाचतो. या कवितेचा विषय एका ओळीत चंचल मन असा लिहिला की मार्क मिळतात, पण चित्रं ओळीने बघितली तर भाव बदलत जातो. उभ्या पिकात शिरलेलं ढोर येतं तेव्हा वैताग आहे, पाखरू येतं तेव्हा नवल, विंचू-सापाला उतारा असतो पण मनाच्या विषाला नाही म्हणते तेव्हा भीती, आणि खसखशीच्या दाण्याएवढं मन आभाळात मावत नाही म्हणते तिथे सगळंच थक्क. शेवटी ती थेट देवालाच विचारते की जागेपणी तुला असं कुठलं स्वप्न पडलं. शेतात राबणारी, लिहिता-वाचता न येणारी बाई हे बोलली आणि मुलाने, सोपानदेवांनी, ते जपलं म्हणून १९५२ साली, ती गेल्यानंतर, पुस्तक आलं. हे आठवलं की मला अजून अंगावर काटा येतो.

आता जे आवडलं नाही ते. मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेचा तास फसला. बाईंनी महायुद्ध, नवकाव्य, मर्ढेकरांवर चाललेला अश्लीलतेचा खटला यावर इतका वेळ घेतला की कवितेला शेवटची दहा मिनिटं उरली. माहिती चांगली होती, नाही म्हणत नाही, पण त्यांच्याच नियमाने आधी पेन्सिल हवी होती. पिपात मेलेले उंदीर, न मुरगळता पडलेल्या माना, आसक्तीशिवाय मिळालेले ओठ, किळस आणि कणव एकाच वेळी वाटायला लावणारी चित्रं आहेत ती, त्यावर तासभर सहज झाला असता. ज्या कविता शाळेत नीट शिकवल्या जात नाहीत तिथेच या पद्धतीची जास्त गरज आहे.

दुसरं म्हणजे यादी. बाई शाळेतल्या ओळखीच्या कवींच्या पुढे येतच नाहीत. नामदेव ढसाळ, अरुण कोलटकर, ग्रेस, नंतरच्या कवयित्री, कोणीच नाही. ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२चा, म्हणजे त्यालाही अर्धशतक होऊन गेलं, अजून किती थांबायचं? गोडवा नसलेल्या, अंगावर येणाऱ्या प्रतिमा वाचायची सवय अशा वर्गातच लागू शकते, घरी एकट्याने माणूस पुस्तक मिटून ठेवतो. मी हे त्यांना बोलले आहे, विचार करते म्हणाल्यात.

दहावी-बारावीच्या मुलांना पाठवायचं का असं विचाराल, तर पाठवा, पण मार्क वाढतील या हिशोबाने नको, इथे तयार उत्तर मिळत नाही. तरी ज्या मुलाने एकदा ओळीखाली रेघ मारून बोलायची सवय लावून घेतली त्याला ते तीन कप्पे स्वतःच्या शब्दांत भरता येतात, आमच्या वर्गातली अकरावीची एक मुलगी आता मोठ्यांनाही थांबवते, कुठल्या ओळीवरून म्हणताय म्हणून. घाईत असणाऱ्यांना आणि गप्प बसून ऐकायलाच आवडणाऱ्यांना मात्र जमणार नाही, बाई प्रत्येकाला बोलतं करतात.

पुढची बॅच दिवाळीनंतर सुरू होतेय. पहिल्या शनिवारी फी न भरता बसू देतात, तेव्हा बसून बघा आणि मगच ठरवा. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचार करावा. आणि पेन नाही, पेन्सिल आणा, कारण एकाच कागदावर दोनतीनदा खोडावं लागतं.