विमानातून सायकल नेण्याचा ‘परवाना’ आणि बदललेली चाके

देशांतर्गत विमानप्रवासात सायकल चेक-इन सामान म्हणून नेण्यासाठी कोणत्याही एजंटाचा परवाना, ‘मान्यताप्राप्त पॅकिंग’चा दाखला किंवा ‘एअरपोर्ट क्लिअरन्स’ लागत नाही. जे काही शुल्क असते ते विमान कंपनी स्वतः घेते, तिच्या संकेतस्थळावर किंवा विमानतळावरील काउंटरवर, आणि त्याची नोंद प्रवाशाच्या तिकिटावर होते. या साध्या गोष्टीभोवती कोल्हापुरातील एका व्यक्तीने खोट्या कागदपत्रांचा धंदा उभारला आहे. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा या वाटांवर तयारी करून दरवर्षी उन्हाळ्यानंतर मनाली-लेहकडे निघणाऱ्या इथल्या सायकलस्वारांना तो गाठतो. मी त्याला पैसेही दिले आणि सायकलही सोपवली, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

उजळाईवाडीहून सुटणाऱ्या विमानांपैकी अनेक लहान असतात आणि त्यांच्या सामानकक्षात सायकलीचे मोठे खोके मावेल याची खात्री नसते. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेक जण खोके घेऊन बसने पुण्याला जातात आणि तिथून दिल्लीचे विमान धरतात. ही अडचण त्या माणसाला नेमकी ठाऊक आहे. लक्ष्मीपुरीतील एका गाळ्यात बसून तो सांगतो की विमान कंपन्या आता घरी बांधलेली सायकल स्वीकारत नाहीत, खोक्याला क्रमांकाचे सील असावे लागते आणि क्रीडासाहित्याची पूर्वनोंदणी एजंटामार्फतच होते. पॅकिंग, क्लिअरन्स आणि विमा मिळून त्याने माझ्याकडून ६,८०० रुपये घेतले. पावतीवर विमान कंपनीचे बोधचिन्ह होते, नोंदणी क्रमांक होता, विम्याचा पॉलिसी क्रमांकही होता. त्याच्या बोलण्यात कुठेही घाई नव्हती. उलट, सायकलीचे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारी यंत्रणा) कसे गुंडाळावे हे तो इतक्या आपुलकीने समजावत होता की समोरच्याला त्याच्या जाणकारीविषयी शंका येऊच नये. खोके देताना मात्र त्याने बजावले की सील तुटले तर विमा रद्द होईल आणि काउंटरवर सायकल नाकारली जाईल, तेव्हा मनालीपर्यंत खोके उघडायचे नाही.

पुण्याच्या काउंटरवर पहिली गोष्ट उघड झाली. माझ्या तिकिटावर सायकलीची कोणतीही नोंद नव्हती आणि पावतीवरचा क्रमांक कंपनीच्या पद्धतीचाच नव्हता. तेथील कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितले की असा एजंट कंपनी नेमत नाही. ठरलेले शुल्क मी तिथेच भरले. खोके काट्यावर ठेवले तेव्हा १७.६ किलो भरले, तर त्या माणसाने दिलेल्या चिठ्ठीवर वजन होते १५.२ किलो. सोबतच्या मित्राने त्या काट्याचे आणि शाबूत सीलचे छायाचित्र घेतले; आज माझ्या तक्रारीचा सगळा भार त्या एका छायाचित्रावर आहे. नंतर मोठ्या आकाराच्या सामानाच्या तपासणीत सुरक्षा कर्मचाऱ्यांनी माझ्यासमोर सील तोडून खोक्याची एक बाजू उघडली, आत पाहिले आणि पुन्हा टेप लावून दिली. सील तुटल्याने कोणी काही नाकारले नाही. चाके काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली होती, त्यामुळे तेव्हा काहीच दिसले नाही.

मनालीत सायकल जोडताना मागचे चाक बसवले आणि गिअर बदलून पाहिले, तर चेन एका दात्यावर ठरेना. माझ्या सायकलीला अकरा गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेचक्रांचा संच, होती. या चाकावर आठच दातेचक्रे होती आणि तीही कॅसेट नसून हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्याने बसवलेले जुन्या पद्धतीचे फ्रीव्हील होते. हँडलवरील गिअरचा खटका पुढे सरकायचा, पण दातेचक्रांमधले अंतर निराळे असल्याने चेन खडखडत मध्येच अडकायची. रिम जड होती, स्पोक गंजू लागलेले होते, आणि माझ्या हबमधल्या बेअरिंगची ती मऊ, सलग फिरकी जाऊन तिथे खरखर आली होती. दोन्ही चाके, कॅसेट आणि टायर बदलले गेले होते. बारालाचा आणि तांगलांगसारख्या खिंडी असल्या चाकांवर चढणे शक्य नव्हते. ज्या प्रवासासाठी वर्षभर पैसे आणि रजा साठवली, तो तिथेच थांबला.

फोन केल्यावर त्याने क्षणाचाही वेळ न दवडता सांगितले की सील विमानतळावर तुटले असेल तर चाके तिथेच बदलली गेली, विमान कंपनीकडे तक्रार करा. सील लावण्यामागचा खरा हेतू तेव्हा स्पष्ट झाला. गावात असेपर्यंत मालकाने खोके उघडू नये आणि उघडेल तेव्हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता यावा, एवढ्यासाठीच ते सील असते. पण काउंटरवर सील शाबूत असतानाच खोके त्याच्या चिठ्ठीपेक्षा सव्वादोन किलोंहून जड भरले होते, आणि कोल्हापूरला परतल्यावर ही चाके माझ्या जुन्या चाकांच्या पूर्वी केलेल्या वजनाशी ताडून पाहिली, तर फरक जवळपास तेवढाच निघाला. विमा कंपनीनेही असा पॉलिसी क्रमांक आपल्याकडे नसल्याचे लेखी दिले.

पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) आणि कलम ३१६ (विश्वासघात) यांचा उल्लेख करून अर्ज दिला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि घेतलेल्या सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही, हे अनेकांना माहीत नसते. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने पॅकिंगचे पैसे परत पाठवले. चाकांबाबत मात्र हात वर केले आहेत.

सायकल बांधण्यात गुप्त असे काही नाही. नव्या सायकली ज्यातून येतात ते पुठ्ठ्याचे खोके दुकानदार फुकट किंवा नाममात्र पैशांत देतात. दोन्ही पेडल काढायचे (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटते), पुढचे चाक काढून फोर्कच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा बसवायचा, हँडल सोडवून फ्रेमला बांधायचे, डिरेलर काढून गुंडाळायचे, डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवायची आणि टायरमधली हवा कमी करायची. ई-सायकलची गोष्ट वेगळी आहे: तिची बॅटरी बहुधा १६० वॅट-तासांच्या वर असते आणि अशी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. दुसऱ्याकडून बांधून घ्यायचेच असेल तर शेवटची टेप लागेपर्यंत समोर उभे राहा, चाके, हब आणि कॅसेट यांची जवळून छायाचित्रे घ्या, फ्रेमखाली कोरलेला क्रमांक टिपून ठेवा आणि खोक्याचे वजन स्वतः करा. सामान हाती येताच उघडून पाहा. नुकसान विमानतळावरच दिसले तर तिथल्या तिथे लेखी नोंद करून घ्यावी लागते.

आतापर्यंत शहरातील आणखी दोघांनी अशीच पावती दाखवली आहे. त्यांतील एकाच्या सायकलीचे फक्त मागचे चाक बदलले होते आणि तो इतके दिवस विमान कंपनीशीच पत्रव्यवहार करत होता. तुमच्याकडे विमान कंपनीचे बोधचिन्ह आणि सील क्रमांक असलेली अशी पावती असेल तर ती, तुटलेले सील आणि बदललेले भाग जपून ठेवा आणि आपला स्वतंत्र अर्ज पोलीस ठाण्यात द्या. एकाच गाळ्याविरुद्ध तीन-चार अर्ज गेले तर तपासाला वेगळे वजन येते.