सातबारा, गेरू आणि वाघोबा : डहाणूजवळची दोन दिवसांची चित्रकार्यशाळा

डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर वारली चित्रकार असलेल्या एका ताईंनी घेतलेल्या दोन दिवसांच्या निवासी कार्यशाळेला मी यंदा जाऊन आलो. आपल्या गावची मूठभर माती आणि जमिनीच्या एखाद्या कागदाची झेरॉक्स सोबत आणावी, एवढीच सूचना आधी मिळाली होती. मी जुन्नरकडच्या वडिलोपार्जित शेतातली माती आणि सातबाऱ्याचा उतारा घेऊन गेलो.

पहिली सकाळ साहित्य तयार करण्यात गेली आणि माझ्या मते शुल्काचे पैसे तिथेच वसूल झाले. मांजरपाटावर शेणाचा पातळ हात, तो वाळल्यावर गेरू, मध्येच चुलीतला कोळसा आणि वरून तांदळाच्या पिठात डिंक कालवून केलेला पांढरा रंग. ब्रशऐवजी टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. कुडाच्या भिंतीवरचेच थर कापडावर चढत असतात, हे आधी हाताला कळते. पिठाचा रंग पुढे सुटू लागतो म्हणून विक्रीच्या चित्रांत पोस्टर कलर वापरते, असे ताईंनी आढेवेढे न घेता सांगितले, ते मला आवडले. पद्मश्री (२०११) जिव्या सोमा म्हसे यांनीही भिंतीवरची ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणलीच होती.

दुपारी कागद कापडावर चिकटवून त्यावर आपापल्या मातीचा थर द्यायचा होता. ताईंच्या नमुन्यात सातबारा नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्याची पोच होती आणि तिच्यावर त्या कसत असलेले भातखाचर उमटले होते. घर काढण्याआधी शिवेवरचा वाघोबा, म्हणजे वाघदेव, काढा, असे त्यांनी बजावले. लाकडी फळीवर सूर्यचंद्रांसह कोरतात तसा. राखणदार आधी, राहणारे मागाहून. मी सवयीने घरापासून सुरुवात केली होती, ते पुसावे लागले. माझ्या उताऱ्यावर नाव माझे असले तरी शेत वाटेकरी कसतो, त्यामुळे चित्रात स्वतःला कुठे उभे करावे हे दिवेलागणीपर्यंत ठरेना. अखेर वाघोबाजवळ वाटेकऱ्याला काढले आणि मी बाहेरच राहिलो.

दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र तक्रार आहे. शहरातून आलेल्या आयोजकांनी सर्वांना तारपा या फुंकवाद्याच्या तालावरच्या नाचाचा तयार छाप दिला आणि एक छापील पुस्तिका वाटली, जिच्यात त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन यांपलीकडे फारसे काही नाही. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी लिहितात त्या चौकाचा, म्हणजे चौकोनी लग्नचित्राचा, आणि त्यातल्या पालघाट या लग्नदेवीचा तिथे उल्लेखही नसावा, हे खटकले. जाहिरातीत या कलेच्या भौगोलिक मानांकनाचा दाखला ठळकपणे द्यायचा आणि माणशी ३,५०० रुपयांतले किती ताईंच्या हाती पडतात हे विचारल्यावर विषय बदलायचा, हेही पटले नाही. जेवण साधे आणि उत्तम होते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी थेट ताईंकडेच चौकशी करून दोन्ही दिवस साहित्यासाठी आणि चित्रासाठी मागून घ्यावेत. परतताना सपाट पुठ्ठा सोबत ठेवावा. मी चित्र गुंडाळून आणले, त्यामुळे मातीला भेगा पडल्या आहेत आणि शेताच्या मधोमध गट क्रमांक पुन्हा वाचता येऊ लागला आहे.