पावसातलं स्थलांतर आणि ८×४२ दुर्बीण: चार महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीच्या शेवटी घेतली, जून संपेपर्यंत रोज पहाटे गळ्यात होती आणि यातले निम्म्याहून जास्त दिवस ती ओलीच झाली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जे लिहितोय ते बहुतेक कुठल्याही बऱ्या वॉटरप्रूफ ८×४२ ला (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) लागू पडेल.

आधी माझ्याकडे १०×४२ होती, सगळे म्हणायचे पक्षी मोठा दिसतो, आणि दिसतोच, पण ढगाळ पहाटे पानांमागे सतत हलणाऱ्या वटवट्याला मोठं करून काय करणार, आधी तो सापडायला तर हवा. ८× मध्ये फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, रुंद मिळतो आणि हात कमी थरथरतात. उजेडाचंही तसंच. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिमी, १० ने भागलं की ४.२ मिमी, म्हणजे तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. भर उन्हात बाहुली आकसलेली असते म्हणून फरक कळत नाही, पण काळ्या ढगाखाली बाहुली मोठी होते आणि तेव्हा हा एक मिलिमीटर खरंच कळतो.

वॉटरप्रूफचं म्हणाल तर आत एक थेंब गेला नाही. नायट्रोजन भरून सील केलेली असल्याने आतल्या काचांवर वाफ धरत नाही, उबदार खोलीतून थेट गारठ्यात नेली तरी. पण बाहेरच्या काचेचं काय, ते मला कोणी आधी सांगितलं नव्हतं! आपला श्वास आणि चेहऱ्याची ऊब आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) बसते आणि नेमका पक्षी समोर आला की सगळं पांढरं. पहिले दोन आठवडे मी पावसापासून वाचवायला दुर्बीण जॅकेटच्या आत ठेवायचो, तीच चूक होती, आत दमट गरम हवा आणि काच थंड, मग वाफ धरणारच. आता बाहेरच लटकवतो, आयपीसवर रेनगार्ड (पावसाचं झाकण) असतो आणि बघताना श्वास खाली सोडतो. एवढ्याने बराच फरक पडला.

आता मुख्य गोष्ट, पाऊस पडतोय म्हणून घरी बसू नका. छोटे पक्षी बहुतेक रात्री उडतात, वाटेत पाऊस गाठला की जे झाड सापडेल तिथे उतरतात. एप्रिलच्या शेवटी पहाटे तीनपासून कोसळत होता आणि सातच्या सुमारास थांबला. तळ्याकाठच्या झुडपांत गेलो तर अक्षरशः प्रत्येक फांदीवर हालचाल. माशीमार गुडघ्याएवढ्या उंचीवर बसलेले, भिंगऱ्या पाण्याला जवळपास टेकून उडत होत्या कारण अशा हवेत किडे खालीच असतात, आणि एक वटवट्या माझ्यापासून दोन-अडीच मीटरवर येऊन असा अधाशासारखा खात होता की माझी त्याला पर्वाच नव्हती. जुनी दुर्बीण एवढ्या जवळ फोकसच होत नव्हती, ही दोन मीटरपर्यंत होते. त्या दिवशी तासभर मी जागचा हललो नाही. रात्रभर उडून आलेल्या त्या एवढ्याशा जिवाला खायची किती घाई असते ते जवळून बघितल्यावर पुढे जाऊन त्याला उठवावंसं वाटेना.

एक सांगतो, ओल्या पिसांचे रंग फसवतात. पक्षी गडद दिसतो, पंखावरचे पट्टे गायब होतात, त्यामुळे चोच, शेपटी हलवायची लकब आणि आवाज यावर जास्त भर द्या. मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपने आवाज ओळखायला मदत होते पण पानांवर थेंब वाजत असताना त्याने सुचवलेलं नाव डोळ्याने पक्कं केल्याशिवाय मी लिस्टमध्ये टाकत नाही.

तक्रार आहे ती आयकपची, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या कडीची. दोन महिन्यांत उजवा सैल झाला, दाबला की आत जातो. चष्मा नसेल तर हा त्रास फार जाणवतो. कंपनीला लिहिलं, उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि तेही स्थलांतर ऐन भरात असताना, याचं मला खरंच वाईट वाटलं. तोवर रबरबँड गुंडाळून चालवलं. वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, मानेला जड होतं, हार्नेस (वजन खांद्यांवर घेणारा पट्टा) घ्याच.

आणि घरी आल्यावर ओली दुर्बीण केसमध्ये बंद करू नका, कॅप लावू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने अजिबात नाही, कोटिंग जातं. मग उघड्या हवेत रात्रभर. माझ्या जुन्या १०×४२ च्या काचेवर बुरशी आली ती केसमध्ये ओलीच ठेवल्यामुळे, आणि ती नंतर निघालीच नाही.